एकास त्रेचाळीस

मी भांडुपला गाढवनाक्याजवळ राहतो. नुसता पत्ता म्हणून हे सांगितलं तर निदान भांडुपात तरी कोणी हसत नाही. पण फावल्या वेळात मी काय करतो हे आधी सांगितलं आणि पत्ता मागून सांगितला, तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘तरीच!’ असे भाव उमटतात. म्हणून मी पत्ता नेहमी आधी सांगून मोकळा होतो.

तर, फावल्या वेळात मी बंब करतो.

हे वाक्यसुद्धा जपून उच्चारावं लागतं. माझ्या एका आत्येबहिणीच्या कानावर ते गेलं, तेव्हा तिने माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला आणि ‘तोटी गळते, बघ जरा’ अशी चिठ्ठी लावून टॅक्सीने माझ्याकडे धाडला. तो अजून आमच्या गॅलरीत आहे. मी करतो ते आगीचे बंब. लाल रंगाचे, शिडीवाले, घंटा लावलेले. शिवाय रुग्णवाहिका, पाण्याचे टँकर आणि मालवाहू ट्रक. सगळे मूळ वाहनाच्या एकास त्रेचाळीस या प्रमाणात. म्हणजे साडेसात मीटर लांबीचा खरा बंब माझ्या टेबलावर साडेसतरा सेंटिमीटरचा होतो.

‘त्रेचाळीसच का? चाळीस का नाही?’ हा प्रश्न बँकेतून निवृत्त झालेले माझे सगळे मित्र विचारतात. त्यांना अपूर्णांकाचा राग नसतो, पण त्याला कारण लागतं. कारण असं, की इंग्लंडातल्या खेळण्यातल्या आगगाड्या करणाऱ्यांनी एका फुटाला सात मिलिमीटर असं माप ठरवलं. फूट आपले ठेवले आणि मिलिमीटर शेजाऱ्यांचे घेतले! या मिश्रविवाहातून एकास साडेत्रेचाळीस हे अपत्य जन्माला आलं. पुढे त्या आगगाड्यांच्या शेजारी शोभतील अशा मोटारी झाल्या आणि अर्धा गळून त्रेचाळीस उरले. त्याच्या निम्मं केलं की एकास सत्याऐंशी. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी 1998 साली छोट्या रेल्वेचं जे संग्रहालय उघडलं, तिथल्या गाड्या या सत्याऐंशीच्या कुळातल्या. मी हिला घेऊन ते पाहायला गेलो होतो. एका माणसाने हौसेपोटी अख्खं शहर उभं केलेलं पाहून माझे डोळे भरून आले. हिचेही आले. ‘त्यांच्या घरच्यांनी काय सोसलं असेल हो!’ ती म्हणाली.

या नादाला मी लागलो तो भाच्याच्या मुलामुळे. त्याचा खेळण्यातला बंब मोडला, तो दुरुस्तीला माझ्याकडे आला. चाक बसवायचं दहा मिनिटांचं काम. पण हातात घेऊन पाहिलं तर शिडी नुसती रंगवलेली, दार उघडत नव्हतं आणि पाण्याची नळी कुठेच नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात गेलेला माझ्यासारखा माणूस हे कसं सहन करणार? मी शिडी केली, दारं केली, नळी केली. तीन महिन्यांनी बंब परत द्यायला गेलो, तोवर त्या मुलाला मोबाईलची गोडी लागली होती. ‘ठेवा आजोबा तुमच्याकडेच,’ तो मोठ्या मनाने म्हणाला. मला तेच हवं होतं.

छोट्या गाड्यांच्या इतिहासातही असंच एक मूल आहे. इंग्लंडात लेस्नी नावाच्या कंपनीत जॅक ओडेल नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता, की शाळेत आणायचं खेळणं काडेपेटीत मावलं पाहिजे. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तिच्यासाठी पितळेचा एवढासा रोडरोलर केला आणि काडेपेटीत घालून दिला. त्यातून ‘मॅचबॉक्स’च्या गाड्या जन्मल्या. काडेपेटीने जगभरच्या पोरांना आगीचे बंब पुरवले, हा न्याय मला फार आवडतो.

परदेशात म्हणे सगळे सुटे भाग दुकानात मिळतात. आरसे, वायपर, इतकंच काय, पुसायची फडकीसुद्धा. भांडुपला माझं दुकान म्हणजे आमचं घर. बंबाची शिडी उदबत्तीच्या काड्यांची. समोरची काच औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची. छतावरचा निळा दिवा म्हणजे अर्धी कॅप्सूल. दिव्यांना हिच्या कुंकवाच्या चमकणाऱ्या टिकल्या, जुन्या पद्धतीच्या पितळी घंटेला कन्येच्या नाचातला एक घुंगरू. पाण्याची नळी मात्र जमेना. खरी नळी असते 63 मिलिमीटरची, भागिले 43, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. सुतळी जाड, दोरा बारीक. एका संध्याकाळी देवापाशी बसलो असताना समईकडे लक्ष गेलं आणि मी ‘सापडली!’ असं ओरडलो. हिला वाटलं, भक्ती सापडली. मला वात सापडली होती. आग विझवायच्या नळीला समईची वात! देवानेही गालातल्या गालात हसून घेतलं असेल.

रंगाचं म्हणाल, तर बंबाच्या लाल रंगाला नेलपॉलिशसारखी दुसरी वस्तू नाही. पातळ बसतं, लवकर सुकतं, झळाळतं. दुकानदाराने ‘मॅडमना कुठली शेड हवी?’ असं विचारलं, तेव्हा मी खिशातून बंबाचा फोटो काढून दाखवला. तेव्हापासून तो माझ्याशी हळू आवाजात बोलतो.

टायरची कथा तर भांडुपची अब्रू घालवणारी आहे. सिएटचा टायरचा कारखाना आमच्या गावात 1950च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. त्या गावात मला ट्रकचा टायर मिळेना! खरा टायर साधारण मीटरभर उंच, म्हणजे मला हवा सव्वादोन सेंटिमीटरचा. शेवटी नळाचे रबरी वायसर बरोबर मापाचे निघाले.

‘सात वायसर द्या,’ मी हार्डवेअरवाल्याला म्हणालो.

‘सात नळ गळतात?’

‘नाही, ट्रक आहे. सहा चाकं आणि एक स्टेपनी.’

पुढच्या ट्रकच्या वेळी दुकान बंद होतं, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर दोन दिवसांसाठी उसना घेतला. मुंबईच्या निम्म्याहून अधिक पाण्याचं शुद्धीकरण भांडुप संकुलात होतं, त्यातलं बरंचसं त्या दोन दिवसांत आमच्या ओट्याखाली साठलं, असं हिचं मत आहे.

कच्च्या मालाचं आणखी एक कोठार माझ्याजवळ होतं. माझी जुनी स्कूटर. ती बंद पडून अकरा वर्षं झाली होती. गल्लीच्या वळणावर ताडपत्रीखाली ती उभी असायची. भंगारात काढायचा विषय निघाला की मी म्हणायचो, ‘तिच्या ब्रेकच्या केबलमधून बंबाचे कठडे होतात.’ खरं कारण, लग्नानंतर आम्ही दोघं तिच्यावरून विहार तलावाकडे फिरायला जायचो. पण असली कारणं सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगता येत नाहीत.

माझा पहिला ट्रक म्हणजे नाकवाला टाटा-मर्सिडीज. 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार केला, आणि पुढची पंधरा वर्षं त्या कंपनीच्या ट्रकच्या नाकावर तीन पाकळ्यांचा तारा मिरवत होता. लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे आमचा जुना आग्रा रोड. तिथल्या कारखान्यांकडे जाणारे हे ट्रक लहानपणी मी कठड्यावर बसून मोजत असे. मोजण्याचा उपयोग पुढे बँकेत झाला. त्या ट्रकच्या मागे मी एका केसाच्या ब्रशाने ‘हॉर्न ओके प्लीज’ असं लिहिलं आहे. महाराष्ट्रात 2015 साली ही अक्षरं ट्रकवर लिहायला बंदी झाली. पण माझा गुन्हाही एकास त्रेचाळीसच असल्यामुळे अजून कोणी पावती फाडलेली नाही.

रुग्णवाहिकेने मात्र मला खरं शहाणं केलं. तिच्या कपाळावर अक्षरं उलटी लिहितात, म्हणजे पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला ती आरशात सुलटी दिसतात. मी अभिमानाने मराठीत ‘रुग्णवाहिका’ उलटं लिहायला बसलो. तासाभराने लक्षात आलं, की आरशात वेलांटी बाजू बदलते. डावीकडची ऱ्हस्व उजवीकडे गेली की दीर्घासारखी दिसू लागते. ऱ्हस्व-दीर्घाच्या घोळातून मराठी माणसाची आरशातही सुटका नाही.

या सगळ्या कारभाराचे एकमेव परीक्षक म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे काका. 31 वर्षं अग्निशमन दलात, त्यातली बरीच बंब चालवण्यात गेलेली. मूळचे सावंतवाडीकडचे, बोलणं मोजकं आणि मोजलेलं प्रत्येक अक्षर लागेल असं. माझा पहिला बंब मी त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो चारही बाजूंनी पाहिला.

‘मेल्या, नळी अशी गुंडाळतात काय?’

‘मग कशी?’

‘आधी मधोमध दुमडायची, मग गुंडाळायची. म्हणजे दोन्ही तोंडं बाहेर राहतात. आगीत टोक शोधत बसशील?’

मी सगळ्या वाती उकलून पुन्हा गुंडाळल्या. पुढच्या खेपेला त्यांनी शिडीतला दोष काढला. मुंबईच्या दलाकडे 90 मीटर उंच जाणारी शिडी आहे असं ऐकून मी तीच करायला घेतली होती. हिशेब केला तर एकास त्रेचाळीसमध्ये ती दोन मीटर नऊ सेंटिमीटर होते. टेबलावर उभी केली असती तर पंख्यात अडकली असती. काका म्हणाले, ‘शिडी नंतर. आधी गाडी दारात पोचली पाहिजे.’ तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

दरवर्षी 14 एप्रिलला काका पांढरा सदरा घालून सकाळीच भायखळ्याला जातात. 1944 साली त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या बोटीला आग लागली. बोटीत कापूस होता आणि स्फोटकंही. विझवायला गेलेले दलाचे 66 जवान स्फोटात गेले. अग्निशमन सेवा दिन त्यांच्या आठवणीचा. काका संध्याकाळी परत येतात, सदरा घडी करून ठेवतात. याबद्दल ते काही बोलत नाहीत, आणि विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अडीचच्या सुमाराला त्यांची बेल माझ्या दारात वाजली. काकूंच्या छातीत दुखत होतं. मी 108 लावला. गाडी वेळेवर आली, पण नाक्यावर उभी राहिली. नाक्यापासून आमच्या फाटकापर्यंत 40 मीटर अंतर. मध्ये एक वळण. दोन्ही बाजूंना स्कूटरी आणि मोटारसायकली तिरक्या लावलेल्या. ड्रायव्हरने दोनदा गाडी आत घालून पाहिली आणि मागे घेतली. शेवटी आम्ही चौघांनी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि पावसातून उचलून नेलं. काका छत्री धरून बाजूने चालत होते. सबंध आयुष्य लोकांच्या दारापर्यंत गाडी नेलेला माणूस, आणि त्याच्या दारापर्यंत गाडी येत नव्हती. वळणावर माझा पाय कशाला तरी अडखळला. ताडपत्री होती.

काकू अकरा दिवसांनी घरी आल्या. ‘पालखी छान होती, पण भोई दमेकरी,’ असा शेरा त्यांनी मारला. त्यानंतर आठवड्याने काका वर आले. टेबलावरची रुग्णवाहिका त्यांनी उचलली, तळहातावर ठेवली.

‘ही आपल्या गल्लीत वळते का बघ,’ ते म्हणाले.

‘पण गल्ली कुठे आहे?’

‘मग कर की!’

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता आम्ही दोघं टेप घेऊन गल्ली मोजू लागलो. दूधवाल्याला वाटलं, बिल्डर आला. सकाळी सातपर्यंत सोसायटीत पुनर्विकासाची बातमी पसरली आणि तिसऱ्या मजल्यावर भाव ठरू लागले. इकडे माझ्या इस्त्रीच्या टेबलावर 93 सेंटिमीटर लांब आणि साडेअकरा सेंटिमीटर रुंद गल्ली तयार होत होती. पुठ्ठ्याची कुंपणं, वळण, फाटक. चेअरमनसाहेबांनी रंगाच्या डब्यांत लावलेल्या दोन तगरी. मग प्रत्येक दुचाकी, चार-चार सेंटिमीटरची, रात्री जिथे असते तिथे. काका रोज रात्री अकरा वाजता गल्लीत फेरी मारून जागा लिहून आणत. एकूण एकोणीस भरल्या. विसावी करताना मला मापं घ्यावी लागली नाहीत. ती मला पाठ होती.

ठरलेल्या रात्री काकांनी बंब हातात घेतला आणि नाक्यावरून आत सोडला. बंबाची रुंदी 5.8 सेंटिमीटर. तो दहा सेंटिमीटर गेला आणि अडकला. मग आम्ही एका बाजूच्या सगळ्या गाड्या उचलल्या. बंब सरळ गेला, वळणापाशी आला. बंबाला वळायला खऱ्या मापात नऊ मीटरची त्रिज्या लागते, टेबलावर एकवीस सेंटिमीटर. काकांनी पुढे घेतला, मागे घेतला. जणू स्टिअरिंग हातात होतं. बंबाचं मागचं चाक दरवेळी एकाच ठिकाणी घासत होतं. आतल्या कोपऱ्यातल्या, ताडपत्रीखालच्या, चार सेंटिमीटरच्या माझ्या स्कूटरला.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी बंब तिथेच ठेवला आणि ‘झोप आता’ म्हणून ते गेले. मी कसला झोपतोय! अकरा वर्षं मी त्या स्कूटरजवळून रोज दोनदा गेलो होतो. ती तिथे आहे हे मला त्या रात्री समजलं, तेही ती मी स्वतः पुठ्ठ्यातून कापली म्हणून. वस्तू मोठी असते तोवर आपण तिच्या बाजूने निघून जातो. ती लहान करायला बसलं, की तिच्याकडे पाहावं लागतं.

वार्षिक सर्वसाधारण सभेत इस्त्रीचं टेबल घेऊन जाणारा मी बहुधा पहिलाच सभासद असेन. पार्किंगचा विषय आमच्या सभेत दरवर्षी येतो आणि दरवर्षी चहा येताच संपतो. यंदा मात्र अध्यक्षांनी ‘विषय क्रमांक सहा’ म्हणताच सगळे टेबलाभोवती जमले. आधी प्रत्येकाने आपापली गाडी शोधली.

‘ही माझी नव्हे. माझी करडी आहे, तुम्ही पांढरी केलीत.’

‘अहो, माझ्या गाडीचा आरसा तुटलाय, तो सुद्धा दाखवलाय बघा!’

‘आमची नवी इलेक्ट्रिक कुठे आहे?’

अर्धा तास तोच गोंधळ. मग काकांनी बंब आत सोडला. तो अडकला. ते म्हणाले, ‘आता तुमच्यापैकी कोणीही चालवून बघा.’ सेक्रेटरींनी पाहिलं, चेअरमनसाहेबांनी पाहिलं, दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरने गुडघे टेकून पाहिलं. कोणाचाच बंब फाटकापर्यंत पोचला नाही. सभेत एवढी शांतता मी फक्त अनुपस्थितीमुळे तहकूब झालेल्या सभेत ऐकली आहे.

त्या शांततेत मी वाकलो आणि ताडपत्रीखालची माझी स्कूटर उचलून खिशात घातली. मग सेक्रेटरींनी आपली उचलली. चेअरमनसाहेबांनी बराच विचार करून तगरीचे डबे फाटकाच्या आत ठेवले. एकेकाने आपली गाडी एका बाजूला ओळीत लावली. दोघांनी लावली नाही. ते अजूनही लावत नाहीत. सगळेच शहाणे झाले असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती, पण मी बँकेतला माणूस आहे, शिल्लक जुळवून लिहिण्याची सवय आहे.

दुसऱ्या रविवारी भंगारवाला आला. स्कूटर हातगाडीवर चढताना आमची ही गॅलरीत उभी होती. ‘विहार तलाव आता रिक्षाने,’ ती म्हणाली आणि आत जाऊन तिने स्वतः स्वयंपाकघरातून दोन जुने वायसर आणून माझ्या टेबलावर ठेवले. इतक्या वर्षांत या खात्यात तिची ही पहिली ठेव.

गेल्या महिन्यात नळाला दोन दिवस पाणी नव्हतं, म्हणून सोसायटीने टँकर मागवला. टँकर म्हणजे रुंदीने बंबाचा सख्खा भाऊ. याआधी तो नाक्यावर उभा राहायचा आणि तिथून नळी टाकावी लागायची. काका फाटकाशी येऊन उभे राहिले. मी वरून पाहत होतो. टँकर गल्लीत शिरला, वळणापाशी हळू झाला, आणि एका दमात वळून, हॉर्नसुद्धा न वाजवता, फाटकापर्यंत आला.

काका थोडा वेळ त्याच्या मागच्या चाकाकडे पाहत राहिले. मग मान वर करून मला म्हणाले, ‘येईल.’

तेवढंच. मला वाटलं, आता ते घरात जातील. पण ते वळले आणि पुन्हा वर बघत म्हणाले, ‘त्या दुसऱ्या बंबाची नळी मात्र तू अजून चुकीचीच गुंडाळली आहेस हां.’

मी समईच्या वातींची पुडी घेऊन पुन्हा बसलो आहे.